बुडाली तर भरणार कोण?

२६ जून १९७४ च्या बुधवारी पश्चिम जर्मनीचे सारे लक्ष ड्युसेलडॉर्फच्या मैदानाकडे लागले होते. फुटबॉलच्या विश्वचषकात यजमानांची गाठ युगोस्लाव्हियाशी होती. तिथून जेमतेम चाळीस किलोमीटरवर, कलोन शहरात, दुपारी साडेतीनच्या सुमारास सरकारी पर्यवेक्षकांनी हेरश्टाट नावाच्या एका खासगी बँकेचा परवाना काढून घेतला. सामना जर्मनीने २-० असा जिंकला. बँकेचे नाव मात्र वेगळ्याच कारणाने अजरामर झाले. परकीय चलनाच्या धंद्यातली माणसे आजही एका ठरावीक धोक्याला ‘हेरश्टाट रिस्क’ म्हणतात. ती बँक स्वतः पाहिलेले लोक आता फारसे उरलेही नसतील.

त्या दुपारी झाले ते असे. चलनाचा सौदा आज ठरला की पैसे दोन दिवसांनी हाती पडतात. ज्या बँकांनी हेरश्टाटला मार्क विकून डॉलर घेतले होते, त्यांनी २६ तारखेला सकाळीच जर्मनीत मार्क भरून टाकले. बदल्यातले डॉलर न्यूयॉर्कमध्ये मिळायचे होते, चेस मॅनहॅटन बँकेतल्या हेरश्टाटच्या खात्यातून. जर्मनीतले त्या दिवसाचे व्यवहार आटोपत आले तेव्हा पर्यवेक्षकांनी टाळे ठोकले. त्यांच्या दृष्टीने वेळ सोयीची होती. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते, दिवस नुकता कुठे सुरू होत होता. बातमी कळताच चेसने हेरश्टाटच्या खात्यातली देणी थांबवली. सुमारे ६२ कोटी डॉलर जागच्या जागी अडकले. मार्क देऊन बसलेल्या बँकांचे मार्कही गेले आणि डॉलरही.

यात कोणी दरोडा घातला नव्हता. दोन देशांच्या घड्याळांत पाच तासांचे अंतर होते आणि त्या पाच तासांचा मालक कोणीच नव्हता, एवढेच.

हेरश्टाट काही मोठी बँक नव्हती. जर्मनीत तिचा क्रमांक पस्तिसावा. इवान डेव्हिड हेरश्टाट यांनी १९५५ साली ती सुरू केली, पाठीशी विम्याच्या धंद्यातले बडे प्रस्थ हान्स गेरलिंग होते. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली आणि मार्च १९७३ पासून प्रमुख चलनांचे भाव मोकळे झाले. जे भाव वर्षानुवर्षे जागचे हलत नव्हते, ते आता रोज हलू लागले. हेरश्टाटच्या फॉरेक्स विभागातल्या तरुण डीलरांना ही पर्वणीच वाटली. बँकेत त्यांना कौतुकाने ‘गोल्डयुंग्स’, म्हणजे सोन्याची पोरे, म्हणत. डॉलर कुठे जाणार याचे त्यांचे आडाखे चुकत गेले, तसतसे तोटे वह्यांच्या मागे दडवले गेले. टाळे लागले तेव्हा ४७ कोटी मार्कांचा तोटा उघड झाला, आणि बँकेचे स्वतःचे भांडवल होते ४ कोटी ४० लाख मार्क. आकडा पुढे आणखी फुगला. देणी भागवताना गेरलिंग यांना आपल्या विमा समूहातला मोठा हिस्सा विकावा लागला.

परदेशी बँका भडकल्या. लंडनच्या हिल सॅम्युएलचे पैसे अडकले होते, अमेरिकेतल्या बँकांचेही. त्यांचा सवाल साधा होता: जर्मन सरकारने परवाना दिला, जर्मन सरकारने काढून घेतला, मग आमचे पैसे जर्मन मध्यवर्ती बँकेने का देऊ नयेत? बुंडेसबँकेला ते मान्य नव्हते. सट्ट्यात बुडालेल्या खासगी बँकेची जगभरची देणी जर्मन जनतेने का भरावीत, हा तिचा सवालही काही गैर नव्हता. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर, हेच या सगळ्या इतिहासाचे दुखणे आहे. गेली पन्नास वर्षे जागतिक बँकांच्या देखरेखीबद्दल ढीगभर कागद तयार झाले. त्यांत देखरेख कोणी करायची हे लिहिलेले असते. बँक बुडाली तर भरायचे कोणी, यावर मात्र सही करायला एकही देश तयार नसतो.

१९७४ च्याच ऑक्टोबरात अमेरिकेत फ्रँकलिन नॅशनल बँक कोसळली. ती देशातली विसाव्या क्रमांकाची बँक होती आणि तोवरच्या अमेरिकी इतिहासातले ते सर्वात मोठे बँक-दिवाळे ठरले. तिच्यावर ताबा होता सिसिलीच्या मिकेले सिंडोना यांचा. मिलान, व्हॅटिकन आणि न्यूयॉर्क अशा तिन्ही ठिकाणी त्यांची ऊठबस होती. (१९८६ साली इटलीच्या तुरुंगात सायनाइड घातलेली कॉफी पिऊन ते मेले.) चार महिन्यांत दोन बँका बुडाल्या, दोन खंडांत, आणि दोन्हींच्या मुळाशी परकीय चलनाचा सट्टा.

पण दोष एकट्या डीलरांवर ढकलून चालणार नाही. ज्या बाजारात हे खेळ चालले, तो सरकारांनी जाणूनबुजून मोकळा सोडला होता. १९५० च्या दशकापासून लंडनमध्ये डॉलरच्या ठेवींचा एक निराळाच धंदा उभा राहिला होता. अमेरिकेत ठेवींवरच्या व्याजाला कमाल मर्यादा होती, लंडनमधल्या डॉलरला ती लागू नव्हती. शीतयुद्धात आपले डॉलर अमेरिकेच्या हाती नकोत म्हणून सोव्हिएत बँकाही ते युरोपात ठेवत. पौंडाच्या व्यवहारांवर बँक ऑफ इंग्लंडची करडी नजर असे, पण दोन परदेशी माणसे लंडनमध्ये बसून डॉलरची देवघेव करत असतील तर तिकडे ती पाहत नसे. साम्राज्य गेले होते, पौंडाची पत उतरली होती. शहराची रोजीरोटी या नव्या धंद्यावर चालणार होती. अमेरिकेनेही काणाडोळा केला, कारण तिच्याच बँका लंडनमध्ये शाखा थाटून बसल्या होत्या. नियमन नव्हते याचे कारण अज्ञान नव्हते. तो धंदा दोघांनाही हवा होता.

१९७४ संपता संपता ‘दहांचा गट’ म्हणवणाऱ्या श्रीमंत देशांच्या मध्यवर्ती बँकांच्या गव्हर्नरांनी एक समिती नेमली. तिची पहिली बैठक फेब्रुवारी १९७५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेल (जर्मन उच्चार ‘बाझल’) इथे झाली. यजमान होती बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीकडून भरपाईची वसुली करण्यासाठी १९३० साली स्थापन झालेली ही संस्था, वसुली बंद पडली तरी जगली. तिचा कारभार तेव्हा रेल्वे स्टेशनसमोरच्या एका जुन्या हॉटेलच्या इमारतीतून चाले. बाहेर पाटी नव्हती. नवख्याला सांगावे लागे की शेजारच्या चॉकलेटच्या दुकानाची खूण धरून या. जगाच्या पैशाचे नियम लिहिणारी माणसे इतक्या गुपचूप जमत. आणि त्यांनी लिहिलेलेही गुपितच राहिले: डिसेंबर १९७५ चा त्यांचा पहिला करार, ‘कॉनकॉर्डॅट’, लोकांना वाचायला मिळाला १९८१ साली.

समितीला कायद्याचे अधिकार नव्हते, आजही नाहीत. बँक ऑफ इंग्लंडचे जॉर्ज ब्लंडन पहिले अध्यक्ष होते. एकही परदेशी बँक देखरेखीतून सुटता कामा नये, हे कॉनकॉर्डॅटचे मुख्य सूत्र. शाखा असेल तर तिच्या आर्थिक पतीची जबाबदारी मायदेशाच्या नियामकाची, स्वतंत्र उपकंपनी असेल तर यजमान देशाची, अशी वाटणी झाली. अडचणीतल्या बँकेला शेवटी पैसे कोण पुरवणार, हा प्रश्न मात्र त्यांनी बाजूला ठेवला. तो बाजूला ठेवला म्हणूनच सह्या झाल्या, असे माझे मत आहे.

१९८२ साली त्याची पहिली कसोटी लागली. मिलानच्या बांको अँब्रोसियानोचे अध्यक्ष रोबेर्तो काल्व्ही १८ जूनच्या सकाळी लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली लटकलेले सापडले, खिशांत विटांचे तुकडे आणि रोख रक्कम. त्यांच्या बँकेची एक होल्डिंग कंपनी लक्झेंबर्गमध्ये होती आणि तिने जगभरच्या बँकांकडून कर्जे उचलली होती. इटलीने मायदेशातली बँक सावरली, पण लक्झेंबर्गच्या कर्जांबाबत हात वर केले: ती बँकच नव्हे, आमच्या हद्दीतली नव्हे. लक्झेंबर्ग म्हणाले, होल्डिंग कंपन्यांवर आम्ही देखरेख करतच नाही. प्रेत दोन पोलीस ठाण्यांच्या शिवेवर सापडावे, तसा प्रकार. शेवटी व्हॅटिकनच्या बँकेने चूक कबूल न करता, नैतिक संबंध म्हणून, २४ कोटी डॉलरच्या वर रक्कम दिली. १९८३ साली कॉनकॉर्डॅट सुधारला गेला आणि फट बुजवल्याचे जाहीर झाले.

१९८२ च्याच ऑगस्टमध्ये मेक्सिकोचे अर्थमंत्री हेसुस सिल्वा हेर्सोग वॉशिंग्टनला जाऊन सांगून आले की हप्ते भरायला पैसे नाहीत. अमेरिकेतल्या नऊ बड्या बँकांनी विकसनशील देशांना दिलेली कर्जे तेव्हा त्यांच्या भांडवलाच्या दुपटीहून जास्त होती. ती बुडित धरली असती तर या बँकाच बुडित ठरल्या असत्या. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला जादा पैसे द्यायला अमेरिकी काँग्रेसने १९८३ साली मान्यता दिली, पण बदल्यात अट घातली: बँकांनी आपले भांडवल वाढवावे. मतदारांना तोंड दाखवायचे होते ना.

इथून या गोष्टीला राजकारणाचा खरा रंग चढतो. भांडवल वाढवायचे म्हणजे नफा पातळ करायचा. अमेरिकेच्या बँकांनी ओरड सुरू केली की आम्हीच एवढे भांडवल ठेवले तर जपान्यांशी टक्कर कशी द्यायची? तक्रार खोटी नव्हती. जपानी बँका जेमतेम भांडवलावर स्वस्त कर्जे वाटत होत्या, आणि दशक संपेपर्यंत जगातल्या पहिल्या दहा बँकांपैकी बहुतेक जपानीच होत्या. तेव्हा अमेरिकेच्या नियामकांनी ठरवले की नियम ढिला करण्यापेक्षा तो सगळ्यांच्या गळ्यात बांधावा. बाझलच्या समितीत बारा देशांची भवति न भवति संपेना, म्हणून फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांनी बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर रॉबिन ली-पेंबर्टन यांना गाठले. जानेवारी १९८७ मध्ये दोघांनी आपसांतला करार जाहीर करून टाकला. लंडन आणि न्यूयॉर्क हे धंद्याचे दोन मुख्य दरवाजे. दोघांनी मिळून अटी घातल्या तर आत येऊ पाहणाऱ्या तिसऱ्याला त्या मानाव्याच लागतात. जपानने इशारा ओळखला. वर्ष संपायच्या आत समितीचा मसुदा तयार झाला आणि जुलै १९८८ मध्ये पहिला बाझल करार आला.

कराराचा गाभा एका आकड्यात होता: जोखमीनुसार मोजलेल्या दर शंभराच्या कर्जामागे आठ मालकाचे भांडवल, १९९२ च्या अखेरपर्यंत. आठच का? हा आकडा कोणत्याही सूत्रातून निघाला नव्हता, घासाघिशीतून निघाला होता. प्रत्येकाने आपली पोळी भाजून घेतली. जपानी बँकांकडे जुन्या भावाने घेतलेले शेअर्स पडून होते. त्यांच्या न वटवलेल्या नफ्याचे ४५ टक्के भांडवल म्हणून धरायची मुभा त्यांनी मिळवली. तोक्योचा निक्केई १९८९ च्या अखेरीस ३८,९०० च्या वर गेला तेव्हा हे भांडवल फुगले, आणि बाजार पडला तेव्हा बँकांच्या पायाखालची जमीनच सरकली. जपानचे पुढचे हरवलेले दशक ज्यांना समजून घ्यायचे आहे, त्यांनी हे ४५ टक्के विसरू नयेत.

जोखीम मोजायची रीत तर आणखी बोलकी आहे. समितीच्या सदस्यांसह श्रीमंत देशांच्या ओईसीडी संघटनेतल्या सरकारांना कर्ज दिले तर जोखीम शून्य. बाहेरच्या देशांच्या सरकारांना डॉलरमध्ये दिले तर शंभर टक्के. ओईसीडीबाहेरच्या बँकेला वर्षाच्या आतल्या मुदतीने दिले तर वीस टक्के, वर्षाहून जास्त मुदतीने दिले तर पुन्हा शंभर. परिणाम काय होणार? थायलंडच्या बँकेला पाच वर्षांसाठी कर्ज देण्यापेक्षा सहा-सहा महिन्यांचे देऊन त्याची मुदत वाढवत राहणे फायद्याचे ठरले. २ जुलै १९९७ रोजी थायलंडने बाथचा भाव मोकळा सोडला, तेव्हा हेच आखूड मुदतीचे पैसे एका झटक्यात परत मागितले गेले. ते संकट एकट्या बाझलने घडवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण नियम लिहिणाऱ्यांत बँकॉकचे कोणी असते तर ते कलम तसेच राहिले असते का, हे वाचकांनीच ठरवावे.

आता बीसीसीआय. या इतिहासातले सर्वात रंगतदार पात्र, आणि आपल्या मुंबईतही तिची शाखा होती.

आगा हसन आबेदी हे मूळचे संयुक्त प्रांतातले. फाळणीनंतर पाकिस्तानात जाऊन त्यांनी युनायटेड बँक उभी केली. पाकिस्तानचे राज्यकर्ते भुट्टो बँकांचे राष्ट्रीयीकरण करणार याचा अंदाज आल्यावर १९७२ साली त्यांनी नवी बँक काढली, बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल. पैसा अबू धाबीच्या शेख झायेद यांचा, प्रतिष्ठा बँक ऑफ अमेरिकेची, जिने पाव हिस्सा घेतला होता. नोंदणी लक्झेंबर्गमध्ये, मुख्य कारभार लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर. पुढे बँकेचे दोन भाग केले, एक लक्झेंबर्गमध्ये आणि दुसरा केमन बेटांवर. दोन भागांना दोन वेगळे ऑडिटर. म्हणजे पूर्ण हिशेब एकाच्याही डोळ्यांखालून जाऊ नये अशी चोख व्यवस्था. लक्झेंबर्गच्या नियामकाकडे कागदोपत्री जबाबदारी आणि बँकेचा ९८ टक्के धंदा त्याच्या हद्दीबाहेर. कॉनकॉर्डॅटने जी फट ठेवली होती, तिच्यातच आबेदींनी आपला संसार थाटला.

आबेदी बोलायला गोड, विचाराने जवळजवळ सूफी. तिसऱ्या जगाची बँक, गरीब देशांची बँक, ही त्यांची भाषा होती. तिला लोक भुलले याचे आश्चर्य वाटत नाही, कारण बड्या ब्रिटिश बँकांच्या काउंटरवर भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी दुकानदारांना जी वागणूक मिळे, ती इथे मिळत नसे. नाव विचारले जाई, चहा येई, कर्जही मिळे. सत्तरीच्या आसपास देशांत शाखा झाल्या. आतून मात्र बँक पोकळ होती. गोकल बंधूंच्या गल्फ ग्रुप या जहाजकंपनीला दिलेली प्रचंड कर्जे बुडाली होती आणि ते झाकण्यासाठी ठेवीदारांचेच पैसे नफा म्हणून दाखवले जात होते. पनामाचे हुकूमशहा नोरिएगा यांच्यापासून अमली पदार्थांच्या टोळ्यांपर्यंत सगळ्यांची खाती तिथे होती. ऑक्टोबर १९८८ मध्ये अमेरिकेच्या कस्टम्स खात्याचे गुप्तहेर रॉबर्ट मझूर यांनी फ्लॉरिडात आपल्या खोट्या लग्नाचा घाट घातला, बीसीसीआयच्या अधिकाऱ्यांना आणि टोळीवाल्यांना आमंत्रणे धाडली आणि पाहुण्यांना अटक केली. बँकेने गुन्हा कबूल करून सुमारे दीड कोटी डॉलर भरले आणि धंदा चालू ठेवला.

नियामकांना काहीच ठाऊक नव्हते असे नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी मिळून एक गट केला, बैठका घेतल्या. पण बँक बंद करणारा जो कोणी, त्याच्याच दारात ठेवीदार उभे राहणार हे सगळ्यांना कळत होते. म्हणून प्रत्येकजण दुसऱ्याची वाट पाहत राहिला. अखेर जून १९९१ मध्ये ऑडिटर प्राइस वॉटरहाउसचा अहवाल बँक ऑफ इंग्लंडच्या हाती आला आणि ५ जुलैला, शुक्रवारी दुपारी एक वाजता, अनेक देशांत एकदम टाळे लागले. वेळ बघा. लंडनमध्ये एक म्हणजे न्यूयॉर्कमध्ये सकाळचे आठ, म्हणजे तिथला बाजार उघडण्याआधी. हेरश्टाटचा धडा कोणीतरी गिरवला होता. तरी तोक्यो राहिलेच. एका जपानी बँकेने दिवसाचे येन तिथे भरून टाकले होते. न्यूयॉर्कचे डॉलर तिला कधीच मिळाले नाहीत. सतरा वर्षांनी तोच अपघात, फक्त घड्याळे वेगळी.

ब्रिटनमध्ये नुकसानभरपाई होती ठेवीच्या पहिल्या वीस हजार पौंडांच्या ७५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त पंधरा हजार पौंड. लेस्टर, ब्रॅडफर्ड, साउथॉलमधल्या दुकानदारांची खेळती रक्कम त्याहून कितीतरी मोठी होती. स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांच्या परिषदेने तर २ कोटी ३० लाख पौंड तिथे ठेवले होते. लिक्विडेटरांनी बँक ऑफ इंग्लंडवरच दावा लावला. त्या खटल्यात बँक ऑफ इंग्लंडच्या वकिलांचे सुरुवातीचे भाषण ११९ दिवस चालले, आणि नोव्हेंबर २००५ मध्ये दावा मागे घेतला गेला. ठेवीदारांना तीन-चतुर्थांशाहून अधिक रक्कम मिळाली खरी, पण त्यासाठी दोन दशके लागली. दुकाने तोवर थांबत नाहीत.

योगायोग असा की बँक ऑफ इंग्लंड बीसीसीआयला टाळे ठोकत होती, त्याच जुलैत भारताचे सोने तिच्याच तिजोरीकडे निघाले होते. १ आणि ३ जुलैला रुपयाचे अवमूल्यन झाले. ४ ते १८ जुलै या काळात मुंबईच्या विमानतळावरून चार खेपांत सुमारे ४७ टन सोने गेले आणि ते तारण ठेवून बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपानकडून चाळीस कोटी डॉलर मिळवले. त्या दिवसांत रिझर्व्ह बँकेला बीसीसीआयच्या मुंबई शाखेकडे पाहायला कितीशी सवड असेल, देव जाणे. ती शाखा पुढे स्टेट बँकेने पदरात घेतली, त्यासाठी एसबीआय कमर्शियल अँड इंटरनॅशनल बँक ही उपकंपनी काढली आणि २०११ साली तीही स्वतःत विलीन करून घेतली. नोव्हेंबर १९९१ मध्ये बँकिंग सुधारणांसाठी नेमलेल्या नरसिंहम समितीचा अहवाल आला आणि एप्रिल १९९२ पासून रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांना तोच आठ टक्क्यांचा नियम लावला, पुढे नऊ टक्क्यांचा. नियम पाळणे आपल्याकडे तेव्हा आले. नियम लिहिणाऱ्या समितीत खुर्ची मिळाली मार्च २००९ मध्ये, तीही न्यूयॉर्क आणि लंडनच्या बँका स्वतः गाळात गेल्यावर आणि वीस देशांच्या बैठकीत आपली गरज भासल्यावर.

त्या संकटात जुना प्रश्न पुन्हा उपटला, या वेळी आइसलँडमध्ये. लांड्सबांकी या तिथल्या बँकेने ‘आइससेव्ह’ नावाने इंटरनेटवरून ब्रिटिश आणि डच लोकांच्या ठेवी गोळा केल्या होत्या. शाखेमार्फत, उपकंपनीमार्फत नव्हे. म्हणजे देखरेखही आइसलँडची आणि विमाही आइसलँडचा. देशाची लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या आत, आणि ब्रिटनमधले ठेवीदारच सुमारे तीन लाख. ऑक्टोबर २००८ मध्ये बँक कोसळताच ब्रिटनने तिची मालमत्ता गोठवली, आणि त्यासाठी वापरला दहशतवादविरोधी कायदा. नाटोतल्या मित्राविरुद्ध! भरपाईचा करार आइसलँडच्या अध्यक्षांनी दोनदा सही न करता जनतेपुढे पाठवला. मार्च २०१० मध्ये ९३ टक्के मतदारांनी नाही म्हटले, एप्रिल २०११ मध्ये सुमारे ६० टक्क्यांनी. जानेवारी २०१३ मध्ये एफ्टा न्यायालयाने आइसलँडच्या बाजूने निकाल दिला. ठेवींची रक्कम शेवटी बँकेच्याच मालमत्तेतून फेडली गेली, तिचा शेवटचा हप्ता २०१६ साली. कोण भरणार याचे उत्तर मतदारांनी थेट दिले, असा हा बहुधा एकमेव प्रसंग. नियामकांना ते रुचले नाही.

हेरश्टाटच्या घड्याळांच्या प्रश्नाला मात्र तांत्रिक उत्तर सापडले. सप्टेंबर २००२ मध्ये सीएलएस बँक सुरू झाली. सौद्याच्या दोन्ही बाजूंचे पैसे हाती आल्याशिवाय ती एकाही बाजूला देत नाही. बँका आपसांत भांडत नाहीत, कारण भांडायला कारणच उरत नाही. एवढी साधी युक्ती सुचून अमलात यायला अठ्ठावीस वर्षे लागली, कारण तिचा खर्च बँकांना करावा लागणार होता आणि मध्यवर्ती बँकांनी दंडा उगारेपर्यंत त्यांनी तो केला नाही. सीएलएसच्या चलनांत रुपया नाही. रुपया आणि डॉलर यांचे बँकांमधले सौदे २००२ च्या नोव्हेंबरपासून क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही संस्था हमी घेऊन मिटवते. एखादी बँक दिवसाच्या मध्यात बुडाली तर भरणार कोण, याचे उत्तर तिथे नियमावलीत आधीच लिहिलेले आहे. ही संस्था दादर पश्चिमेला, एस. के. बोले रस्त्यावर आहे.